एकच देवी, पाच सेवक: क्लेरिक, पॅलाडिन, वॉरलॉक, सॉर्सरर, ड्रुइड यांच्याकडे ती कसं बघते?

तिसरा_दिवा:

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन टेबलावर खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. जग स्वतः रचलेलं, देवमंडळही स्वतःचंच. त्यात उजेड आणि सत्याची एक देवी आहे आणि पाचही खेळाडूंनी आपापलं कॅरेक्टर तिच्याशी जोडून घेतलंय: लाइट डोमेनचा क्लेरिक (उजेडाच्या क्षेत्राचा पुजारी), ओथ ऑफ डिव्होशनची पॅलाडिन (शपथेने बांधलेली योद्धा), सेलेस्टियल वॉरलॉक (स्वर्गीय शक्तीशी करार करून जादू मिळवणारा), डिव्हाइन सोल सॉर्सरर (जन्मजात दैवी जादू असलेला), आणि देवीला मान देणारा पण तिच्या मंदिरात पाऊल न टाकणारा ड्रुइड (निसर्गाचा उपासक). सगळे लेव्हल ३ (कॅरेक्टरची पातळी) पासून.

"शक्ती देवीची" असं पाचही जण म्हणतात. मला तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवायच्या आहेत.

१. देवीच्या लेखी यांच्यात वरचा-खालचा असा क्रम असावा का?
२. पॅलाडिनने शपथ मोडली आणि क्लेरिकनेही तेच कृत्य केलं, तर दोघांना शिक्षा सारखीच का?
३. क्लेरिकच्या खेळाडूच्या मते देवीशी बोलण्याचा मान त्याच्या एकट्याचा. बाकीच्यांना हे मान्य नाही. नियम कोणाच्या बाजूने आहेत?

वीस_बाजू:

क्रम लावण्याआधी प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी विचारा. शक्ती येते कुठून? आणि ती बंद करणं कोणाच्या हातात आहे?

क्लेरिकचं उत्तर सरळ आहे. शक्ती देवी देते. लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) तयार स्पेलची (मंत्रांची) यादी बदलायची तर त्याला प्रार्थनेत बसावं लागतं, यादीतल्या प्रत्येक स्पेलमागे त्या स्पेलच्या लेव्हलइतकी मिनिटं तरी (स्पेलची लेव्हल कॅरेक्टरच्या लेव्हलपेक्षा वेगळी असते). म्हणजे रोज सकाळी देवीशी त्याचा संबंध येतो, आणि द्यायचं की नाही हे रोज तिच्या हातात असतं. म्हणून क्लेरिकबद्दल ती सगळ्यात जास्त जाणते आणि त्याच्याकडून अपेक्षाही सगळ्यात बारीक ठेवते.

पॅलाडिनचं तसं नाही. २०१४ च्या नियमांत तिची शक्ती जितकी देवाकडून येते तितकीच न्यायावरच्या निष्ठेतून येते, आणि लेव्हल ३ ला ती शपथ घेते तेव्हा ती निष्ठा पक्की होते. देवी या शपथेची साक्षीदार आहे. शपथ पाळली जाते तोवर शक्ती वाहत राहते, देवी त्या दिवशी नाराज असली तरीही. माझ्या मते पॅलाडिन हा देवीचा नोकर नाहीच, तो तिच्याच बाजूने लढणारा स्वतंत्र माणूस आहे. त्यामुळे देवी क्लेरिकला आज्ञा देते, पॅलाडिनला फार तर विनंती करते. संवाद लिहिताना हा एवढा फरक सांभाळलात तरी दोघांचे खेळ वेगळे दिसतील.

सेलेस्टियल वॉरलॉकचा करार बहुधा देवीशी झालेलाच नसतो. सोलार (मोठा देवदूत), एम्पिरियन, की-रिन, युनिकॉर्न असा कोणीतरी स्वर्गीय जीव त्याचा पेट्रन (शक्ती देणारा आश्रयदाता) असतो. पेट्रन देवीच्या दरबारातला असेल तर वॉरलॉक हा देवीच्या सेवकाचा सेवक झाला. देवीला त्याचं नाव माहीत असेलच असं नाही, आणि कथेसाठी ही फार चांगली जागा आहे: देवी आणि तिचा सोलार यांचं एखाद्या गोष्टीवर पटत नसेल, तर वॉरलॉक त्या दोघांच्या मध्ये सापडतो.

डिव्हाइन सोलची शक्ती जन्माची, रक्तातली. ती कोणी दिली हे महत्त्वाचं, पण परत कोणीच घेऊ शकत नाही. इथे देवीकडे आज्ञाही नाही आणि करारही नाही, फक्त नातं आहे. त्याने तिचा द्वेष केला तरी त्याचं फायरबॉल चालूच राहतं.

ड्रुइडची शक्ती निसर्गाची. देवी सूर्यप्रकाशाशी जोडलेली असेल तर दोघांचं हित बऱ्याचदा एक असतं, एवढंच.

जुनी_आवृत्ती:

दुसऱ्या प्रश्नासाठी जुन्या नियमांत फार उपयोगी माल पडलाय.

अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत क्लेरिकचे स्पेल तीन ठिकाणांहून येत. पहिल्या आणि दुसऱ्या लेव्हलचे स्पेल त्याच्या स्वतःच्या शिक्षणातून आणि श्रद्धेतून. तिसऱ्या ते पाचव्या लेव्हलचे देवाच्या अलौकिक सेवकांमार्फत. सहाव्या आणि सातव्या लेव्हलचे थेट देवाकडून. म्हणजे देव छोट्या पुजाऱ्याकडे स्वतः बघतच नसे. चूक झाली की वरचे स्पेल आधी थांबत, खालचे बराच काळ टिकत.

हे पाचव्या आवृत्तीत जसंच्या तसं बसवता येतं. क्लेरिकला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल लेव्हल ५ ला मिळतात आणि सहाव्याचे लेव्हल ११ ला. म्हणून लेव्हल १ ते ४ देवी त्याला ओळखत नाही, ५ ते १० तिचे दूत ओळखतात, ११ पासून ती स्वतः. तुमच्या वॉरलॉकचा पेट्रन सोलार धरा. तोच क्लेरिकचाही दूत आणि वॉरलॉकचाही पेट्रन असू दे, दोघांना एकमेकांकडे बघण्याचं कारण मिळेल.

पॅलाडिनवर मात्र तेव्हाचे देव फार कडक होते. माणूसच हवा, लॉफुल गुडच (नियम पाळणारा आणि भला) हवा, कॅरिझ्मा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा गुण) किमान १७. दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगायच्या नाहीत, उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान. जाणूनबुजून केऑटिक (नियम धुडकावणारं) कृत्य केलं तर लेव्हल ७ किंवा वरच्या लॉफुल गुड क्लेरिकसमोर कबुली आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त. स्वेच्छेने दुष्ट कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, उरला तो साधा फायटर. ही कडक वागणूक विनाकारण नव्हती. क्लेरिकला रोज मोजून मिळे, पॅलाडिनला मात्र रोगांपासून संरक्षण आणि भोवती दहा फुटांत वाईटापासून रक्षण हे अखंड मिळत असे. जे सतत वाहतं त्याला सतत पात्र राहावं लागे.

तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० साली, दोघं जवळजवळ एका पातळीवर आले. क्लेरिकची अलाइनमेंट (नैतिक कल) देवापासून एक पायरीच्या आत हवी. देवाची आचारसंहिता ढळढळीत मोडली तर स्पेल आणि वर्गातली बाकी शक्ती जाते, चिलखत, ढाल आणि साधी शस्त्रं वापरण्याचं कसब तेवढं राहतं. दोघांनाही परत यायचा रस्ता एकच, अॅटोनमेंट हा स्पेल. त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट: गुन्हा जाणूनबुजून केलेला असेल तर ५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) खर्च होत, आणि ते स्पेल टाकणाऱ्या क्लेरिकचे जात, गुन्हेगाराचे नाही. क्षमा करणाऱ्याला किंमत मोजावी लागे.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत हे सगळं उलटलं. दीक्षा एकदा झाली की शक्ती तुमची, देवाला ती काढून घेता येत नाही. वाट चुकलेल्याला त्याचे धर्मबंधूच शासन करतात.

निळा_फासा:

इतिहास छान आहे, पण @तिसरा_दिवा, तुमच्या टेबलावर क्लेरिकचे स्पेल काढू नका. २०१४ च्या क्लेरिकच्या नियमांत तशी तरतूदच नाही. एका खेळाडूचं निम्मं कॅरेक्टर शीट एका वाक्यात पुसलं जातं आणि सॉर्सरर, वॉरलॉक शेजारी अखंड बसलेले असतात. हाच मोठा अन्याय होतो: ज्याने देवीशी सगळ्यात जवळचं नातं मागितलं, त्यालाच सगळ्यात जास्त धोका.

आता तिसरा प्रश्न. देवीशी बोलण्याचा मान एकट्या क्लेरिकचा नाही. यादीच बघा.

क्लेरिक: लेव्हल ३ ला ऑगरी, ७ ला डिव्हिनेशन, ९ ला कम्यून हे स्पेल. ऑगरी पुढच्या अर्ध्या तासातल्या कृतीबद्दल शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही एवढंच सांगते. डिव्हिनेशन सात दिवसांच्या आतल्या गोष्टीबद्दल. कम्यूनमध्ये हो-नाही स्वरूपाचे तीन प्रश्न.

डिव्होशनची पॅलाडिन: लेव्हल १७ ला तिच्या शपथेच्या स्पेलमध्येच कम्यून आहे. उशिरा, पण कायम तयार.

डिव्हाइन सोल: क्लेरिकच्या यादीतून स्पेल घेऊ शकतो, म्हणून ऑगरी लेव्हल ३ ला आणि कम्यून ९ ला त्यालाही शक्य. फक्त त्याचे शिकलेले स्पेल मोजके, त्यातली जागा यावर घालवायला तो सहसा तयार नसतो.

वॉरलॉक: कम्यून नाही. लेव्हल ९ ला कॉन्टॅक्ट अदर प्लेन आहे, पण त्यात पलीकडे कोण बोलतंय याची शाश्वती नाही आणि इंटेलिजन्स सेव्ह (बुद्धीच्या जोरावर बचावाचा फासा) १५ ला चुकला तर सहा बाजूंच्या ६ फाशांचं सायकिक (मनावरचं) नुकसान.

ड्रुइड: लेव्हल ९ ला कम्यून विथ नेचर. बोलते ती जमीन, देवी नाही.

खरा एकाधिकार दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लेव्हल १० चं डिव्हाइन इंटरव्हेन्शन फक्त क्लेरिककडे आहे. बोलण्याचा नाही, हाक मारून मदत मागण्याचा हक्क. तुमच्या क्लेरिकला हे असंच सांगा, तो खूश होईल.

इथे होणारी गडबड आधीच सांगतो. शंभराच्या फाशावर आपल्या लेव्हलइतकं किंवा त्याहून कमी पडलं तर देव येतो, लेव्हल १० ला १० टक्के. चुकलं तर लाँग रेस्टनंतर पुन्हा प्रयत्न, जमलं तर पुढचे ७ दिवस बंद. चुकण्याला काहीच किंमत नसल्यामुळे खेळाडू रोज झोपण्याआधी फासा टाकतात, आणि आठवड्यात एकदा तरी जमण्याची शक्यता ५२ टक्क्यांवर जाते. उपाय: मागणं आधी शब्दांत सांगायचं, ते देवीच्या क्षेत्रातलं हवं, आणि त्या क्षणी खरी निकड हवी. फासा त्यानंतर.

तिसरा_दिवा:

@निळा_फासा, ही यादी अशीच्या अशी खेळाडूंना देतो. पण स्पेल काढायचे नाहीत तर देवीची नाराजी दिसणार कशी? आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पक्कं मिळालं नाही.

चौथी_भिंत:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सेवकांच्या वर्गात सापडणार नाही. देवीला काय हवंय ते आधी ठरवा.

डी अँड डीची तयार जगं बघा. फरगॉटन रेल्म्समध्ये टाइम ऑफ ट्रबल्सनंतर (देव पृथ्वीवर उतरले तो काळ) देवांच्याही वरच्या एओने देवांची ताकद भक्तांशी बांधली. तिथे देवाला माणसं जोडणारा हवा, म्हणून गावोगाव जाणारा साधा क्लेरिक हा एकट्या पराक्रमी पॅलाडिनपेक्षा मोलाचा. एबेरॉनमध्ये देव कधी समोर येतच नाहीत, भ्रष्ट पुजाऱ्यालाही स्पेल मिळत राहतात, त्यामुळे देवाची मर्जी हा प्रश्नच श्रद्धेचा होतो. डार्क सनमध्ये तर देवच नाहीत. क्लेरिक पृथ्वी, वायू, अग्नी, जल या महाभूतांकडून शक्ती घेतात आणि टेंपलर्स (राजाचे पुजारी-अधिकारी) सॉर्सरर-किंगकडून (जादूगार राजाकडून), म्हणजे तिथला मालक राजवाड्यात बसलेला आहे आणि नावानिशी ओळखतो.

तुमच्या देवीला भक्ती हवी असेल तर क्लेरिक पुढे. जगात कामं व्हायला हवी असतील तर पॅलाडिन. तिला जगात पाऊल ठेवता येत नसेल आणि शरीर हवं असेल तर सगळ्यात मोलाचा डिव्हाइन सोल, आणि त्यालाच सगळ्यात जास्त भीती वाटायला हवी. गुप्तपणे काम करून घ्यायचं असेल तर वॉरलॉक, कारण त्याचं पाप तिच्या नावावर चढत नाही. एक गरज निवडा. दोन निवडल्या तर देवीच्या दोन सेवकांत भांडण आपोआप तयार होईल, आणि तेही चांगलंच.

रून_आणि_रक्त:

डी अँड डीच्या बाहेरचं एक. रूनक्वेस्ट या खेळात (पहिली आवृत्ती १९७८) देव माणसाकडे किती लक्ष देतो हे थेट आकड्यांत आहे. खालून वर: सामान्य सदस्य, इनिशिएट (दीक्षा घेतलेला), मग रून प्रीस्ट किंवा रून लॉर्ड. इनिशिएट आपला १० टक्के वेळ आणि उत्पन्न पंथाला देतो, प्रीस्ट ९० टक्के.

डिव्हाइन इंटरव्हेन्शन इनिशिएटलाही मिळतं, पण फासा शंभराचा आणि त्याच्या पॉवर या गुणाइतकं किंवा खाली पडायला हवं. जितकं पडलं तितकी पॉवर कायमची जाते. पॉवर १४ असताना ९ पडले तर देव आला, पण पॉवर उरली ५. रून लॉर्ड त्याच हाकेसाठी दहाचा फासा टाकतो. पॉवर १४ असेल तर देव येणारच, प्रश्न फक्त किती देऊन बसणार एवढाच. वरच्या सेवकाचं देव ऐकतोच, पण फुकट कोणालाच काही देत नाही.

@निळा_फासा यांनी सांगितलेली रोज फासा टाकायची सवय इथे लागूच शकत नाही. तुमच्या टेबलावर एवढंच उचला: हाक यशस्वी झाली की क्लेरिकचे हिट डाइस (विश्रांतीत जखमा भरायचे फासे) लेव्हलच्या निम्मे जातात, ७ दिवस परत येत नाहीत.

आणि पंथ सोडून जाणाऱ्याचे स्पेल काढून भागत नाही, त्याच्यामागे शिक्षा करणारे आत्मे लागतात. खेळाच्या दृष्टीने हे स्पेल काढण्यापेक्षा कितीतरी चांगलं. शिक्षा म्हणजे एक सामना होतो, आणि तो पाचही जण मिळून खेळतात.

पायरी_पायरीने:

नाराजी दाखवण्यासाठी पायटी स्कोअर (भक्तीचे गुण) वापरा. थेरॉस या सेटिंगच्या २०२० च्या नियमांत तो आहे आणि त्याला वर्गाशी देणंघेणं नाही. देव निवडला की १ ने सुरुवात, देवाच्या हिताचं काम केलं की १ वर, विरुद्ध वागलं की १ खाली. ३, १०, २५ आणि ५० ला वरदान.

जसंच्या तसं घेतलंत तर दोन ठिकाणी अडाल. एक, वेग. सेशनला (खेळाच्या एका बैठकीला) साधारण १ धरलं तर १० गाठायला नऊ सेशन आणि २५ गाठायला चोवीस. वीस सेशनचं कॅम्पेन असेल तर टप्पे ३, ७, १२ करा आणि ५० चं वरदान सोडून द्या. दोन, पॅलाडिन पुढे पळते. तिची कामं लढाईत सगळ्यांसमोर होतात, ती डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या) लक्षात राहतात. ड्रुइडचं काही लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येकासाठी वेगळं कारण आधी लिहून ठेवा:

क्लेरिकला १, जेव्हा तो देवीचं म्हणणं इतरांपर्यंत पोचवतो.
पॅलाडिनला १, जेव्हा शपथ पाळणं महागात पडतं आणि तरी ती पाळते. नुसतं राक्षस मारल्याबद्दल नाही.
वॉरलॉकला १, सोलारचं काम पूर्ण झालं की. खूश होतो तो सोलार.
डिव्हाइन सोलला १, जेव्हा नकार देणं शक्य असताना तो देवीचं काम स्वीकारतो.
ड्रुइडला काही नाही. तो तिचा सेवक नाही. त्याच्या खेळाडूला हे आधीच विचारून घ्या. हवं असेल तर त्यालाही स्कोअर द्या, पण मग तो मंदिरात यायला हवा.

नियम लिहायचा साचा पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतून घ्या. तिथे प्रत्येक देवतेला इडिक्ट, म्हणजे करायच्या गोष्टी, आणि अॅनाथेमा, म्हणजे वर्ज्य गोष्टी, असतात, क्लेरिक आणि चॅम्पियन (तिथला पॅलाडिनसारखा वर्ग) दोघांनाही लागू. तीन-तीन पुरे. वर्ज्य गोष्टी तपासता येतील अशाच हव्यात. "खोटं सहन करू नये" हे धूसर आहे, त्यावर दर सेशनला वाद होईल. "शपथेवर खोटी साक्ष देऊ नये" हे चालेल.

नाराजीचे टप्पे स्कोअरप्रमाणे असे ठेवता येतील. पहिल्यांदा घसरला की फक्त चिन्ह: लाइट स्पेलचा रंग बदलतो, मंदिरातला दिवा तो आला की मंद होतो. नियमात काहीच बदल नाही. १ च्या खाली गेला की ऑगरी आणि कम्यूनला उत्तर येत नाही. आणखी घसरला तर डिव्हाइन इंटरव्हेन्शन बंद. याच्या पुढे जाऊ नका. लढाईत लागणारा एकही स्पेल जात नाही, पण देवी दूर गेली हे पूर्ण कळतं.

निळा_फासा:

हे टप्पे मला मान्य आहेत. फक्त चिन्ह दिसलं की त्याच सेशनमध्ये त्या खेळाडूला कारण कळायला हवं, नाहीतर तो रंग बदलण्याला सजावट समजतो.

तिसरा_दिवा:

देवीची गरज ठरवली: तिचा उजेड जगातून मागे हटतोय आणि विझलेली स्थानं पुन्हा पेटवायला तिला हात हवेत. म्हणजे कामं. त्या हिशेबाने पॅलाडिन पुढे. आता तिने शपथ मोडली तर नेमकं काय करू? थेट ओथब्रेकर (शपथ मोडून दुष्ट झालेली पॅलाडिन)?

वीस_बाजू:

नाही, ओथब्रेकर लगेच नाही. हा उपवर्ग डीएमच्या पुस्तकात आहे आणि तो एखाद्या काळ्या महत्त्वाकांक्षेसाठी किंवा दुष्ट शक्तीच्या सेवेसाठी शपथ मोडणाऱ्यासाठी आहे. अट लेव्हल ३ आणि अलाइनमेंट दुष्ट. भीतीने, मोहाने किंवा दोन वाईटांतून एक निवडताना शपथ मोडली तर ती व्यक्ती चुकलेली पॅलाडिनच राहते.

खेळाडूंच्या पुस्तकातला रस्ता असा: तिने आपल्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे किंवा त्याच संघाच्या दुसऱ्या पॅलाडिनकडे क्षमा मागायची. रात्रभर प्रार्थनेत जागरण, उपवास किंवा तसंच काही स्वतःला नाकारणं, मग कबुली आणि क्षमा, आणि ती नव्याने सुरुवात करते. पश्चात्तापच नसेल तर डीएम वर्ग सोडायला किंवा ओथब्रेकर घ्यायला लावू शकतो.

या दोनांतला पहिला पर्याय, श्रद्धेचा क्लेरिक, तुमच्या पार्टीतच आहे. क्षमा द्यायची की नाही हे त्याला ठरवू दे. त्याला एकाधिकार हवा होता, हा घ्या. @जुनी_आवृत्ती यांनी सांगितलेलं ५०० एक्सपीचं तत्त्वही इथे बसतं: मोडलेली शपथ जाणूनबुजून असेल तर क्षमा देणाऱ्या क्लेरिकची पायटी १ ने खाली. मग तो पटकन "माफ" म्हणणार नाही, काय घडलं ते खरंच विचारेल.

एक सावधगिरी. ही भूमिका क्लेरिकच्या खेळाडूला आधी विचारून द्या. काही जणांना मित्राच्या कॅरेक्टरचा न्याय करायला आवडत नाही. तो नको म्हणाला तर जवळच्या विझलेल्या स्थानात तिच्या संघाची एखादी वृद्ध पॅलाडिन ठेवा, लेव्हल ५ ची पुरे. तिथे पोचेपर्यंत तुमच्या पॅलाडिनची कोणतीही शक्ती कमी करू नका.

जुनी_आवृत्ती:

त्यात एक भर. कोणी २०२४ चे नियम आणले तर दोन ठिकाणी गणित बदलतं. क्लेरिक आपलं डोमेन लेव्हल ३ ला निवडतो. आणि लेव्हल १० च्या डिव्हाइन इंटरव्हेन्शनला टक्केवारी उरलेली नाही: लाँग रेस्टमागे एकदा पाचव्या किंवा खालच्या लेव्हलचा, रिअॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला तत्काळ प्रतिसाद) न लागणारा, कोणताही क्लेरिक स्पेल स्लॉटशिवाय (स्पेल टाकायचा कोटा खर्च न करता) टाकता येतो. लेव्हल २० ला तिथे विश हा अतिशय ताकदवान स्पेलही घेता येतो, मग चार बाजूंच्या दोन फाशांवर जितकं पडेल तितके लाँग रेस्ट ते बंद. हिट डाइसची किंमत लावायची तर फक्त त्या विशला लावा, रोजच्या हाकेला नको.